चौथा ओंडका

कालिनूवच्या चौकात ओंडक्यांची बावीस घरं आहेत. एकवीस गोरी आणि एक काळं.

गोरी म्हणजे रंगवलेली नव्हेत. ख्रिस्तशरीराच्या सणाआधी चौकातली प्रत्येक बाई आपलं घर बाहेरून घासते. साबणाचं कोमट पाणी, नदीची बारीक वाळू, ताठ केसांचा ब्रश. वर्षभराच्या धुराने आणि बर्फाने करडा पडलेला पापुद्रा निघून जातो आणि खालचं लाकूड लोण्याच्या रंगाचं वर येतं. आमची घरं स्प्रूसच्या झाडांचे थोराड ओंडके मधोमध चिरून, एकावर एक रचून केलेली आहेत. जोत्यापासून छपरापर्यंत पाचच ओंडके लागतात. फटींमध्ये लाकडाच्या बारीक सालींच्या वेण्या वळून ठासलेल्या असतात, त्याही बोटांनी एकेक करून पुसाव्या लागतात. गुरुवारी सकाळी मिरवणूक चौकातून जाते तेव्हा भिंती अजून ओल्या असतात. उन्हाने त्यांतून वाफ निघू लागली की सगळा चौक जमिनीपासून वीतभर वर उचलल्यासारखा दिसतो. लग्न होऊन आले त्याला पस्तीस वर्षं झाली, दर वर्षी बघते, अजून सवय झालेली नाही.

या कामाचा पहिला नियम असा. दुसऱ्याच्या घराला ब्रश लावायचा नाही. घरच्या बाईने स्वतःच्या हाताने बादली पुढे केली तर गोष्ट वेगळी. न विचारता कुणाची भिंत घासणं म्हणजे तिला भर चौकात आळशी म्हणणं.

अकरा नंबरचं घर साठ वर्षं काळं राहिलं ते यामुळेच. बाल्बिनाने कधी कुणापुढे बादली केली नाही. तिचं घर आमच्या घराला लागून. भिंत आधी करडी झाली, मग तपकिरी, मग चुलीच्या आतल्या बाजूसारखी काळी. लोक आधी बोलले, मग टोमणे मारले, मग गप्प झाले. मिरवणुकीतल्या मुली त्या घरासमोरून फुलं उधळत जरा भरभर पुढे सरकायच्या.

कारण सगळ्यांना माहीत होतं. बाल्बिनाचा मुलगा फ्लोरेक एकोणिसाव्या वर्षी, सणाच्याच सकाळी, बोटीवर काम मिळवायला समुद्राकडे निघाला. जाताना त्याचा डांबराने माखलेला हात नुकत्याच घासलेल्या भिंतीवर उमटला. पानगळीच्या दिवसांत ग्दिन्या बंदरातून एक पोस्टकार्ड आलं. त्यानंतर काही नाही. बाल्बिनाने भिंत घासणं बंद केलं, कारण घासली तर हात जाईल. आणि न घासलेली भिंत जसजशी काळी पडत गेली तसतसा तो काळा हात तिच्यात बुडत गेला. मी सून म्हणून आले तेव्हाच तो दिसेनासा झाला होता. बाल्बिनाला कदाचित दिसत असेल. तिला जाऊन तेरा वर्षं झाली. घराची किल्ली आमच्या दाराआडच्या खिळ्यावर असते.

यंदा सोमवारी तिची मुलगी रोझालिया आली.

सकाळी चौकात धुकं होतं. घरांची जोती दिसत नव्हती, नुसत्या खिडक्या आणि वरची लाकडी छपरं तरंगत होती. चौकाच्या टोकाला, विहिरीपाशी, बस थांबल्याचा आवाज आला, दार उघडून मिटल्याचा आवाज आला आणि मग कुणाचीतरी पावलं घरांच्या कडेकडेने येऊ लागली. सारखी, मोजून टाकल्यासारखी. माझ्या सासूबाई, होनोराता, दारापुढच्या बाकावर शेंगा सोलत बसल्या होत्या. चौऱ्याऐंशीचं वय आहे, पण कान मांजरीचे. त्यांनी मान वर केली. धुक्यातून निळा रेनकोट घातलेली एक बाई निघाली, हातात छोटी बॅग, आणि दोन्ही डोळे घट्ट मिटलेले. ती तशीच सरळ चालत आली आणि बाकावर आपटली.

"अगं, अगं! म्हातारीच्या मांडीवर बसतेस की काय!" सासूबाई ओरडल्या. शेंगा खाली सांडल्या.

बाईने डोळे उघडले. आमच्या दाराकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"बासष्ट," ती म्हणाली. "विहिरीपासून आमच्या दारापर्यंत बासष्ट पावलं. लहानपणी मी डोळे मिटून यायचे. कधी चुकले नाही."

"आता चुकलीस. तुझं दार मागे राहिलं," सासूबाई म्हणाल्या. "रोझालिया ना गं तू? बाल्बिनाची? ये, आधी शेंगा वेच."

रोझालियाबाईंनी बॅग खाली ठेवली आणि गुडघ्यांवर बसून शेंगा वेचल्या. सहासष्ट वर्षांच्या बाईने सांगितल्याबरोबर ऐकावं याचं मला हसू आलं. पण आमच्या सासूबाईंचं पाद्रीबुवासुद्धा ऐकतात.

मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. तव्यावर बटाटा-पिठाच्या चपट्या भाकऱ्या, म्हणजे मोस्कोल होते, ते लसूण-लोणी लावून दिले, ताक दिलं. माझी सून किंगा समोर येऊन बसली. ती क्राकूवची, चौकात येऊन तिला दोनच वर्षं झालीत, त्यामुळे आम्ही जे विचारायला कचरतो ते ती सरळ विचारते.

"मावशी, घर विकायला आलात का?"

"किंगा!" मी म्हटलं.

"विचारू दे," रोझालियाबाई म्हणाल्या. "विकायला नाही. बघायला आले. फ्लोरेकचा हात बघायचाय मला."

मग त्यांनी खाता खाताच सांगितलं. भाऊ गेला तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. अठराव्या वर्षी त्याला शोधायला म्हणून ग्दिन्याला गेल्या, माशांच्या कारखान्यात लागल्या, तिथेच लग्न झालं, तिथेच राहिल्या. तो सापडला नाही. घरात त्याचा एकच फोटो होता. आईच्या दफनाच्या वेळी तिच्याच इच्छेने तो पेटीत तिच्या हातात ठेवला.

"तेव्हा मला वाटलं, माझ्या डोक्यात आहे की तो," त्या म्हणाल्या. "आता नाहीये. आठवायला गेले की माझ्या नातवाचा चेहरा येतो. कधी कुठल्यातरी जाहिरातीतला. फ्लोरेकच्या नावाने कुणीही येतं. मग लक्षात आलं, एक हात तेवढा राहिलाय. तो खरा आहे. कुणा दुसऱ्याचा असूच शकत नाही. तो एकदा डोळ्यांनी बघावा."

धुकं उठल्यावर आम्ही टॉर्च घेऊन अकरा नंबरपुढे गेलो. ओंडक्यांच्या पोटात काळोख साठल्यासारखी ती भिंत. रोझालियाबाई दाराच्या डाव्या अंगाला गेल्या आणि न अडखळता हात वर केला.

"इथे. मी या दारात उभी होते. माझ्या डोक्यावरून हात नेऊन त्याने इथे टेकवला. मला त्याच्या बाहीचा वास आला. निरोपाचा हात होता तो. काहीतरी बोललाही, ते आठवत नाही. पण हात माझ्या डोक्याच्या वर होता, एवढं पक्कं आहे."

त्यांचा हात चौथ्या ओंडक्यावर होता. मी टॉर्च मारला, तिरका धरला, जवळ नेला. काळ्यावर काळं. किंगाने फोनचा दिवा लावून पाहिला. काही नाही.

"घासून बघू या की," किंगा म्हणाली.

बाकावरून सासूबाईंच्या शेंगांचा टकटक आवाज येत होता, तो थांबला.

"आई म्हणायची, ब्रश लागला की हात गेला," रोझालियाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सालोमेआ, तू एवढी वर्षं घासतेस. खरं सांग. जाईल?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. तसंच मी सांगितलं. ताजा डाग पहिल्याच घासण्यात जातो. वर्षाचा डाग दोन-तीन वेळा घासून जातो. साठ वर्षांचा डाग कुणी घासलेलाच नाही, कारण साठ वर्षं न घासलेली भिंत या चौकात दुसरी नाही. हात असेल तर काळ्या पापुद्र्याच्या खाली असेल, किंवा त्या पापुद्र्यातच असेल. पापुद्र्यात असला तर बादलीच्या पाण्याबरोबर वाहून जाईल आणि कळणारही नाही.

"म्हणजे न घासता दिसत नाही, आणि घासला तर जाऊ शकतो."

"हो."

"आईने बरोबर माझ्यासाठीच ठेवलंय हे," त्या म्हणाल्या आणि किल्ली घेऊन आत गेल्या.

त्या रात्री त्या त्याच घरात झोपल्या. मंगळवारी सकाळी मी आमच्या भिंतीचा शेवटचा तुकडा घासत होते, तेव्हा अकरा नंबरचं दार उघडलं. रोझालियाबाई बाहेर आल्या. हातात बाल्बिनाची पत्र्याची बादली, कडी गंजलेली. त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"बाकीची भिंत घासा," त्या म्हणाल्या. "चौथ्या ओंडक्याला हात लावायचा नाही. काळेपणा किती खोल आहे ते खालच्या लाकडावर बघू. मग तो मी माझ्या हाताने घासेन. किंवा नाही घासणार."

मी बादली घेतली. विहिरीपाशी उभ्या असलेल्या बायांनी ते पाहिलं. दहा मिनिटांत समोरच्या रांगेतली एक आली, मग तिची जाऊ, मग बेकरीवाली, हाताला पीठ तसंच. प्रत्येकीने आपला ब्रश आणला होता, पण प्रत्येक बाई दारापुढे येऊन थांबली. रोझालियाबाई आत जाऊन बादली भरून आणत, एकेकीपुढे धरत आणि तीच वाक्यं म्हणत: बाकीची भिंत घासा, चौथ्याला हात लावू नका. खडूने त्यांनी चौथ्या ओंडक्यावर दोन्ही टोकांना फुली मारली.

"साठ वर्षं वाट बघितली मी या भिंतीची," बेकरीवाली ब्रश आपटत म्हणाली. "माझ्या आईने तर मरताना विचारलं होतं, घासली का गं?"

"मग नीट घास. पावाला तूप लावल्यासारखं काय करतेस," सासूबाई बाकावरून म्हणाल्या. बाक उचलून त्यांनी मुद्दाम अकरा नंबरपुढे लावून घेतला होता.

पहिलं पाणी शाईसारखं काळं निघालं. ते जोत्यावरून उतरलं, दगडांच्या फटींतून चौकभर पसरलं आणि विहिरीकडे निघालं. पोरं त्यात पाय बुडवून समोरच्या फरशीवर काळी पावलं उमटवत फिरत होती. दुसरं पाणी कॉफीच्या रंगाचं. पाचव्या-सहाव्या पाण्याला लाकूड दिसू लागलं. आमच्या भिंतींसारखं लोण्याचं नाही. त्याहून गडद, जुन्या मधासारखं, कारण इतकी वर्षं त्याला ऊन लागलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही कमरा धरून मागे सरकलो आणि पाहिलं. घर कुठूनतरी हळूहळू परत येत असल्यासारखं दिसत होतं. अर्धं आलं होतं. अर्धं अजून वाटेत होतं.

दुपारी रोझालियाबाई मध्येच ब्रश थांबवून ओल्या लाकडाला नाक लावून उभ्या राहिल्या. काम करताना त्या मधूनच चौथ्या ओंडक्याकडे बघायच्या आणि चटकन नजर खाली आणायच्या. झाकलेल्या भांड्याकडे बघावं तसं.

काळेपणा खोल नव्हता. नखाच्या जाडीइतकाही नव्हता. ते मला मंगळवारीच कळलं होतं, त्यांनाही कळलं होतं. याचा अर्थ काय लावायचा ते कळत नव्हतं. पातळ पापुद्रा सहज निघतो, पण सहज निघणाऱ्या पापुद्र्याबरोबर त्याच्यावरचं सगळं जातं.

बुधवारी दुपार उलटेपर्यंत वरचा पाचवा ओंडका, खालचे तीन, खिडक्यांच्या चौकटी, सगळं जवळपास संपलं होतं. मधून चौथा ओंडका काळ्या पट्ट्यासारखा आडवा गेलेला. इतर बाया सणाच्या तयारीला घरी गेल्या. मिरवणूक जिथे जिथे थांबते त्या चार वेद्यांसाठी बर्चच्या फांद्या आल्या होत्या, कोवळ्या पानांचा वास चौकात पसरला होता. रोझालियाबाई खिडकीखालच्या वेण्या पुसत होत्या. मी जोतं धुत होते. किंगा दाराच्या डाव्या बाजूला खाली वाकून दुसऱ्या ओंडक्याचा राहिलेला भाग घासत होती. कानात गाणी घातलेली, जळलेलं पातेलं घासावं तशी दोन्ही हातांनी.

"आई," तिने मला हाक मारली, "हा डाग जात नाहीये. दहा मिनिटं झाली. माझी वाळू संपली."

"गाठ असेल लाकडाची. राहू दे."

"पाच गाठी एका ओळीत?"

मी हातातलं फडकं ठेवलं. जाऊन पाहिलं.

मधाच्या रंगाच्या ओल्या लाकडावर काळपट तपकिरी हात होता. आडवा. बोटं दाराकडे, अंगठा वर, तळवा रुंद. नुसता रंग नव्हता. बोट फिरवलं तर किंचित वर आलेला लागत होता. डांबर ताज्या लाकडात आत आत मुरलं होतं. भोवतालचं लाकूड इतक्या हिवाळ्यांनी केसाएवढं झिजलं आणि डांबर प्यालेलं तेवढं झिजलं नाही. किंगाने दहा मिनिटं कडक ब्रशने आणि वाळूने तो घासला होता आणि जितका घासला तितका तो स्पष्ट झाला होता.

"देवा," किंगा म्हणाली आणि ब्रश पाठीमागे लपवला.

मी हाक मारायच्या आधीच रोझालियाबाई आल्या. उभ्या राहिल्या. वर चौथ्या ओंडक्याकडे पाहिलं, खाली दुसऱ्याकडे पाहिलं.

"हा नाही," त्या म्हणाल्या. "तो वर होता. माझ्या डोक्याच्या वर. हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. सुताराचा असेल."

"सुतार डांबराचे हात घेऊन भिंतीला मिठी मारतो काय?" सासूबाई काठी टेकत उठल्या. "तेव्हा तू किती वर्षांची होतीस?"

"सहा."

"मग तुझं डोकं कुठे होतं, बाई?"

त्यांनी काठी आडवी धरली, भिंतीवरच्या हाताच्या थोडी खाली, आपल्या पोटाच्या उंचीवर. काठी हवेत तशीच राहिली. रोझालियाबाई त्या काठीकडे बघत होत्या. मला सोमवारची बासष्ट पावलं आठवली, दार मागे टाकून पुढे गेलेली. मग त्या हळूहळू खाली बसल्या, ओल्या फरशीवर, आणि आता भिंतीवरचा हात त्यांच्या डोक्याच्या वर होता.

त्या बराच वेळ तशाच बसून वर बघत राहिल्या. वाफ निघत होती. समोरच्या वेदीपाशी कुणीतरी खिळे ठोकत होतं, पण तो आवाज फार लांबून, नदीपलीकडून येत असल्यासारखा वाटत होता.

"किती छोटा आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "मला तो केवढा आठवत होता."

"एकोणीस वर्षांचं पोरगं होतं ते," सासूबाई म्हणाल्या.

"पण निरोपाचा हात असा आडवा का?"

मी बाक पुढे ओढला, सासूबाई बसल्या, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली.

"निरोपाचा नाहीये तो," त्या म्हणाल्या. "बूट घालत होता. प्रवासाला निघायचं म्हणून बुटांना डांबर चोळलं होतं, आम्ही सगळेच चोळायचो तेव्हा, पाणी आत जाऊ नये म्हणून. एका पायावर उभा राहून दुसरा बूट ओढत होता, तोल गेला, भिंतीला हात टेकला. एवढंच. मी आमच्या दारात होते. चोवीस वर्षांची. मिरवणुकीसाठी केस विंचरत होते."

"आणि आई?"

"आई आतून आली तुझी. भिंत बघितली आणि जी ओरडली! 'आत्ता घासलीय ना ती भिंत, रेड्या!' चौकभर ऐकू गेलं. दोन दिवस राबून घासलेली भिंत, तासाभरात मिरवणूक यायची, तिचंही काय चुकलं? तो हसला. म्हणाला, 'परत आलो की पुसतो.' आणि बॅग उचलून गेला. बस उभीच होती."

बाल्बिना त्याच्याशी बोलली ते हे शेवटचं वाक्य. हे मला पस्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मी सासूबाईंना म्हटलं.

"मला कुणी सांगितलं नव्हतं, मला ऐकू आलं होतं. भिंतीपलीकडून कानावर पडलेलं त्या घरचंच असतं. बाल्बिनाने सांगायचं की नाही ते तिने ठरवायचं. तिने पोरीला सांगितलं, घासलं तर हात जाईल. बरं, मग तसं."

"जाईल म्हणून नाही ठेवला तिने," रोझालियाबाई हळूच म्हणाल्या. "तो पुसणार होता म्हणून ठेवला."

त्यांनी हात वर करून एका बोटाने भिंतीवरच्या करंगळीची कड गिरवली. बाकी कशाला हात लावला नाही. मग माझा आधार घेऊन उठल्या, बादली उचलली, ब्रश उचलला आणि स्टुलावर चढून चौथ्या ओंडक्यापुढे उभ्या राहिल्या. तिथे आता जपण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला.

तेवढ्यात संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा वाजली.

सणाच्या आदल्या संध्याकाळची घंटा झाली की चौकात ब्रश खाली ठेवायचा असतो. भिंत जिथे असेल तिथे. एका वर्षी बेकरीवालीची अर्धी खिडकी राहिली होती, ती वर्षभर तशीच राहिली आणि बेकरीवाली वर्षभर टोमणे ऐकत राहिली. रोझालियाबाईंच्या ब्रशातून पाणी टपकत होतं. पन्नास वर्षं गावाबाहेर राहिलेल्या बाईला हे आठवेल की नाही, मी बघत होते. त्यांनी ब्रश झटकला आणि बादलीत टाकला.

"आता गुरुवारी सगळ्यांना हा काळा पट्टा दिसणार," किंगा म्हणाली. "आजी, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाल्बिनाच्या पोरीला मोजता येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "खरंच आहे."

रोझालियाबाई हसल्या. सोमवारपासून पहिल्यांदा. हसताना त्यांच्या गालाला एका बाजूनेच खळी पडते, ते मला तेव्हा दिसलं. सासूबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "चेहरा कुठे शोधत फिरतेस? हीच खळी. याच बाजूला. त्या सकाळी असाच हसत गेला."

रोझालियाबाईंनी गालाला हात लावला. आत गेल्या. त्या घरात भिंतीवर आरसा आहे, बाल्बिनाचा, डाग पडलेला. खिडकीतून त्या त्याच्यासमोर उभ्या दिसल्या, उजेड जाईपर्यंत. जूनचा उजेड आमच्याकडे फार उशिरा जातो.

गुरुवारी ऊन पडलं. बावीस घरांतून वाफ निघत होती, चौक नेहमीसारखा वर उचलला गेला होता, आणि त्या वर उचललेल्या चौकात अकरा नंबरचं मधाच्या रंगाचं घर, कमरेला काळा पट्टा बांधल्यासारखं. लोक थांबून बघत होते. मागच्या रांगेतली एक म्हातारी घरासमोर येऊन रडली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. कुणी पट्ट्याबद्दल विचारलं की सासूबाई "ते बाल्बिनाच्या पोरीला विचारा" म्हणून मोकळ्या होत होत्या.

मिरवणूक तिसऱ्या वेदीपाशी होती. मुलींच्या टोपल्यांतल्या पाकळ्या वाऱ्याने आधीच आमच्या दारापर्यंत येत होत्या. किंगा पुढे गेली. मी शाल घेतली. रोझालियाबाई अजून आतच. बुटांना आदल्या दिवशीचं पाणी लागलेलं, ते चुलीपाशी वाळत ठेवले होते आणि वाळून आखडले होते.

"अगं, ये लवकर! देव काय तुझ्या बुटांसाठी थांबणारेय?" सासूबाई ओरडल्या.

त्या एक बूट घालून, दुसरा हातात घेऊन बाहेर आल्या. नजर मिरवणुकीच्या सोनेरी छत्राकडे, ते वळून आमच्या रांगेला लागत होतं. उंबऱ्याबाहेर एका पायावर उभ्या राहून त्यांनी दुसरा बूट ओढायला घेतला. तो जाईना. त्या वाकल्या, तोल गेला, एक हात भिंतीकडे गेला आणि टेकला.

मी बघत होते. त्या बघत नव्हत्या. हात बरोबर त्या हातावर पडला होता, आडवा, बोटं दाराकडे, आणि खालचा हात पूर्ण झाकला गेला होता. बूट घालणारं माणूस भिंतीला जिथे टेकतं त्या उंचीवर.

सासूबाईंनीही पाहिलं. त्यांनी काठी फरशीवर आपटली.

"आत्ता घासलीय ना ती भिंत!"

रोझालियाबाईंनी चमकून खाली पाहिलं. आपला हात पाहिला. तो त्यांनी लगेच काढला नाही. बूट पायात गेला, टाच आपटून बसवला, तरी हात तिथेच होता. मिरवणूक जवळ आली होती, पहिल्या पाकळ्या त्यांच्या केसांवर पडत होत्या. मग त्यांनी हात उचलला. ओल्या लाकडावर त्यांच्या तळव्याची कोरडी जागा क्षणभर दिसली आणि वाफेत मिटली.

"परत आले की पुसते, मावशी," त्या म्हणाल्या, आणि मिरवणुकीत शिरल्या.